आपला वेग कोणाला विचारावा?

गेल्या दिवाळीला माझा थोरला भाऊ अकरा वर्षांनी घरी आला. कॅनडात टोरोंटो येथे तो नोकरी करतो. ‘या वर्षी जमत नाही, पुढच्या वर्षी नक्की’ असे करता करता अकरा दिवाळ्या मागे पडल्या. धनत्रयोदशीच्या दुपारी आई स्वयंपाकघरात करंज्यांना मुरड घालीत बसली होती. दादा तिच्यासमोर पाटावर बसून तयार झालेल्या करंज्या परातीत ओल्या फडक्याखाली झाकून ठेवीत होता आणि मी उंबरठ्याशी वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. बोलता बोलता दादा सहज म्हणाला, “आई, अकरा वर्षं कशी गेली, कळलंच नाही बघ.”

आईचे हात थांबले नाहीत. ती म्हणाली, “हो का? मला कळली हो.”

त्या उत्तरात राग नव्हता आणि टोमणाही नव्हता. ‘बाहेर ऊन आहे का?’ असे कुणी विचारावे आणि ‘आहे’ असे सांगावे, इतक्या साधेपणाने ती बोलली. दादा ओशाळून हसला आणि त्याने विषय बदलला. मला मात्र, खरे सांगायचे तर, बरे वाटले. घरी राहिलेल्या धाकट्या भावाला अशा वेळी जे बरे वाटते ते फारसे सद्भावनेचे नसते, हे मी जाणून आहे. पण वडिलांचे दुखणे, त्यांचे जाणे, पावसाळ्यापूर्वीची कौले, आईचे सांधे, विजेची बिले आणि वाण्याची उधारी, असा या अकरा वर्षांचा एकेक दिवस मी उचलला होता; आणि ज्याला तो उचलावा लागला नाही तो म्हणत होता, वर्षे कशी गेली कळले नाही! आईने माझ्या वतीने त्याच्यापुढे हिशेब ठेवला असे मला वाटले.

योगायोग असा, की त्याच दिवसांत माझ्यापुढे दुसराही एक हिशेब पडलेला होता. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते, म्हणून नववीच्या वर्गावर मला धाडले होते. मी शिकवतो मराठी. वर्ग शांत बसावा म्हणून मी ‘काही शंका असतील तर विचारा’ असे म्हणालो, आणि शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने माझा शब्द खरा मानला. “सर, एक जण यानातून लांब जाऊन परत आला. त्याच्या घड्याळात तीन वर्षं झाली, आपल्या घड्याळात पाच. तर तो किती वेगानं गेला होता?”

माझे गणित शालान्त परीक्षेपाशी थांबलेले आहे. “सुट्टीनंतर सांगतो,” असे म्हणून मी वेळ मारून नेली आणि गणिताच्या शिक्षकांना गाठले. त्यांनी माझ्या हातातल्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीने एक काटकोन त्रिकोण काढला. “कर्णावर घरच्यांची पाच वर्षं लिहा. एका बाजूवर प्रवाशाची तीन. उरलेली बाजू तुम्हालाही काढता येईल,” ते म्हणाले. पायथागोरस मला अजून आठवत होता. पाचाचा वर्ग पंचवीस, तिनाचा नऊ, वजा जाता सोळा. सोळाचे वर्गमूळ चार. “मग झालं की! पाच वर्षांत प्रकाश पाच प्रकाशवर्षं जातो, हा चार गेला. दोन जाताना, दोन येताना. म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या चार पंचमांश वेगानं. सेकंदाला सुमारे दोन लाख चाळीस हजार किलोमीटर.”

एवढ्या थोड्या गणितात एवढे मोठे उत्तर मिळालेले मी आयुष्यात पाहिले नव्हते. मुलीला उत्तर द्यायचे होते म्हणून सुट्टीत मी या विषयाची मिळतील ती पुस्तके वाचली आणि दिवाळीभर तो त्रिकोण माझ्या डोक्यातून गेला नाही. या लेखाचे निमित्त तेच.

मुळात घड्याळे अशी वेगळी चालतील तरी का? १९०५ साली बर्न शहरातल्या पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या आइन्स्टाइनने एक गोष्ट धरून चालायचे ठरवले: प्रकाशाचा वेग कोणीही मोजला तरी तो तेवढाच भरतो, मोजणारा उभा असो वा धावत असो. हे एकदा मान्य केले की वेळ सर्वांना सारखी आहे ही आपली समजूत सोडावी लागते. आपल्यासमोरून वेगाने जाणारे घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा सावकाश चालते, आणि ते बिघडल्यामुळे नव्हे. त्याच्याबरोबर जाणाऱ्या माणसाचे श्वास, नाडी, दाढीचे केस, सारे त्याच प्रमाणात सावकाश चालते.

ही कवीकल्पना नाही, याचे पुरावे आहेत. आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे वातावरणात ‘म्यूऑन’ नावाचे कण तयार होतात. स्वस्थ बसलेल्या म्यूऑनचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहालाखाव्या भागाच्या सव्वादोनपट, इतकेच. १९६३ साली फ्रिश आणि स्मिथ या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टन या डोंगरावर तासाला असे सुमारे ५६० कण मोजले. मग समुद्रसपाटीजवळच्या केंब्रिज गावी तेच मोजमाप केले. डोंगरापासून तिथपर्यंतच्या उंचीइतके अंतर येईतो त्यांतले तासाला २७ च्या आसपास वाचावेत, असे साधे गणित सांगत होते. प्रत्यक्षात सुमारे ४१० आढळले. याचा अर्थ त्या कणांचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या साधारण नवव्या हिश्श्याने चालले होते. आता आपला त्रिकोण काढा. कर्ण नऊ, एक बाजू एक. दुसरी बाजू नवाच्या अगदी जवळ येते. म्हणजे ते कण प्रकाशाच्या शेकडा ९९ हून अधिक वेगाने धावत होते. आयुष्य किती लांबले यावरून वेग सांगता आला.

तितके वेगवान नसलेल्या प्रवाशांचेही मोजून झाले आहे. १९७१ च्या ऑक्टोबरात हाफेले आणि कीटिंग यांनी अतिसूक्ष्म अणुघड्याळे नेहमीच्या उतारू विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली, एकदा पूर्वेकडून आणि एकदा पश्चिमेकडून. पूर्वेकडे गेलेली घड्याळे सेकंदाच्या सुमारे ५९ अब्जांश मागे पडली आणि पश्चिमेकडे गेलेली २७३ अब्जांश पुढे गेली. पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे आणि उंचीवर घड्याळ थोडे जलद चालणे, या दोन्ही गोष्टी धरून आधी जे गणित मांडले होते, त्याच्याशी हे आकडे जुळले.

घरच्यांचा आणि प्रवाशाचा हिशेब समोरासमोर मांडणारा पहिला नामांकित माणूस म्हणजे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल लाँजव्हँ. १९११ साली इटलीतल्या बोलोन्या शहरी तत्त्वज्ञांची परिषद भरली होती, तेथे त्याने एका प्रवाशाची गोष्ट सांगितली. प्रवासी स्वतःच्या घड्याळाप्रमाणे एक वर्ष लांब जातो, वळतो, एका वर्षात परत येतो आणि पाहतो तो पृथ्वीवर दोनशे वर्षे उलटलेली. त्याचा वेग किती असला पाहिजे? दोन आणि दोनशे यांचे प्रमाण एकास शंभर. गणित केले की उत्तर येते, प्रकाशाच्या वेगाहून वीस हजाराव्या भागाइतका कमी. म्हणजे सेकंदाला केवळ पंधरा किलोमीटरने कमी.

या उत्तरापेक्षाही त्या गणितातल्या एका साध्या गोष्टीने माझे लक्ष वेधून घेतले. गणिताला दोन आकडे लागतात. प्रवाशाच्या खोलीच्या खिडक्या बंद करा आणि त्याला त्याचे घड्याळ द्या. यान एकसारख्या गतीने चालले असेल तर आपण किती वेगाने जात आहोत हे त्याला त्या घड्याळावरून कधीही सांगता यायचे नाही. त्याचा मिनिट मिनिटासारखाच असतो, त्याचा चहा नेहमीच्याच वेळात निवतो. त्याला वाटते, आपण स्वस्थ बसलो आहोत. आपण किती जोरात गेलो हे त्याला कळायचे असेल तर परत येऊन दारात उभे राहून एकच प्रश्न विचारावा लागतो: “तुमची किती वर्षं झाली?”

आपला वेग आपल्याला स्वतःच्या घड्याळावरून कळत नाही, तो मागे राहिलेल्यांना विचारावा लागतो. पदार्थविज्ञानातली ही गोष्ट मला नीतीतली वाटू लागली ती येथे.

आपल्या पुराणांत असा एक परतलेला प्रवासी आहे. राजा ककुद्मी रैवत आपल्या रेवती नावाच्या मुलीसाठी वर कोणता निवडावा हे विचारायला ब्रह्मलोकी गेला. तेथे गायन चालू होते, म्हणून ते संपेपर्यंत थांबला. मग त्याने मनात योजलेल्या वरांविषयी विचारले तेव्हा ब्रह्मदेव हसला. ‘राजा, तू येथे थांबलास तेवढ्यात खाली सत्तावीस चतुर्युगे गेली, ते वर, त्यांचे पुत्र, नातू, कुणी उरले नाही,’ असे त्याने सांगितले. पुढे रेवतीचे लग्न बलरामाशी झाले, हे आपण सारे जाणतो.

मास्तराच्या सवयीने मी रैवताचाही वेग काढून पाहिला. एक चतुर्युग ४३,२०,००० वर्षांचे. सत्तावीस म्हणजे ११,६६,४०,००० वर्षे. गायन एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे चालले असे धरू. एवढा फरक पडायला राजाला किती वेगाने धावावे लागले असते? प्रकाशाच्या किरणाबरोबर त्याची शर्यत लावली असती, तर अकरा कोटी सहासष्ट लाख वर्षांच्या धावेनंतर किरण त्याच्या पुढे असता फक्त दीड वीत! अर्थात आमच्या पूर्वजांना सापेक्षतावाद ठाऊक होता, असे मी यावरून म्हणणार नाही. राजा धावत नव्हता, बसून गाणे ऐकत होता. आणि कथाकाराजवळ प्रकाशाच्या वेगाचा आकडा नव्हता, की त्यावरून मांडलेले गणित नव्हते. पण आनंदात रमलेल्या माणसाला आपण किती लांब आलो हे स्वतःहून कळत नाही, ते दुसऱ्याकडून कळावे लागते, एवढे त्याने पुरते ओळखले होते. रैवताचे मला एक आवडते. खरी गोष्ट कळल्यावर ‘असे कसे होईल, मला तर घटकाभरच वाटली’ असा वाद त्याने घातला नाही. त्याने ती मानली आणि तो खाली आला.

येथपर्यंत विचार आला तेव्हा माझी दुपारची खुशी टिकून होती, उलट तिला शास्त्राचा आधार मिळाला होता. दादाने ते वाक्य म्हणण्याआधी आईला विचारायला हवे होते. प्रवासी तो, चूक त्याची. पण हेच शास्त्र पुढे वाचू लागलो तशी माझी खुशी उतरू लागली.

पहिली गोष्ट ही, की घरचे घड्याळ हे जगाचे घड्याळ नव्हे. आपण घरी राहिलो म्हणून आपली पाच वर्षे ‘खरी’ आणि प्रवाशाची तीन वर्षे ‘खोटी’ किंवा ‘कमी पडलेली’, असे म्हणण्याचा अधिकार आइन्स्टाइनने कोणालाच ठेवला नाही. प्रवासी खरोखर तीनच वर्षे जगला. तेवढेच त्याचे केस पिकले. त्याने दोन वर्षे कोणाची चोरली नाहीत. सर्वांच्या डोक्यावर टांगलेले, सर्वांना लागू असे एक मोठे घड्याळ विश्वात कोठेही नाही. मी मात्र गेली अकरा वर्षे माझ्या भिंतीवरचे घड्याळ तेच ते मोठे घड्याळ समजत होतो.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. प्रवासी म्हणू शकेल, ‘मी तर माझ्या खोलीत स्वस्थ बसलो होतो, लांब गेलात ते तुम्ही आणि तुमची पृथ्वी. मग वय तुमचे कमी व्हायला हवे.’ याचे उत्तर असे, की दोघांत एक फरक आहे: तो वळला. वळताना धक्का त्याला बसला, घरच्यांना बसला नाही. तो वळलाच नसता आणि तसाच पुढे पुढे गेला असता, तर दोघांची घड्याळे शेजारी ठेवून पाहण्याची वेळच आली नसती, आणि कोणाचे वय अधिक या प्रश्नाला सर्वांना मान्य होईल असे एक उत्तरही उरले नसते. जो परत येत नाही त्याच्याशी हिशेब मांडताच येत नाही. ज्याच्यावर मी मनातल्या मनात बाकी काढत होतो, त्याने परत येऊन ती काढण्याची सोय तरी केली होती.

आता येथे जपायला हवे. दादाचे विमान काही प्रकाशाच्या वेगाने गेले नव्हते. त्याचे मनगटी घड्याळ आणि आमचे भिंतीवरचे, यांत त्या प्रवासाने पडलेला फरक कोणत्याही घड्याळजीला दिसला नसता. ‘वर्षे कळली नाहीत’ ही मनाची गोष्ट आहे आणि मनाच्या वेळेला पायथागोरस लागू पडत नाही. या दोन वेळांवरून एकदा मोठा वाद झडला आहे. ६ एप्रिल १९२२ रोजी पॅरिसमध्ये आइन्स्टाइन आणि तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ समोरासमोर आले. बर्गसाँचा भर जगलेल्या, अनुभवलेल्या कालावर होता. घड्याळ म्हणजे सारा काल नव्हे, असे तो सांगत होता. आइन्स्टाइनला तत्त्वज्ञांचा असा वेगळा काल मान्य नव्हता. लाँजव्हँच्या प्रवाशाबद्दल बर्गसाँने जे मत मांडले ते पुढे टिकले नाही. प्रयोगांनी आइन्स्टाइनची बाजू खरी ठरवली. पण वाट पाहणाऱ्याची घटका घड्याळात मावत नाही, हे त्याचे म्हणणे खोटे पाडील असा प्रयोग अजून कोणी केलेला नाही.

सर्गेई क्रिकालेव या अंतराळवीराची हकीकत या दोन वेळांमधला फरक चांगला दाखवते. १८ मे १९९१ रोजी तो सोव्हिएत संघातून ‘मीर’ या अंतराळस्थानकावर गेला आणि २५ मार्च १९९२ रोजी परतला. या दहा महिन्यांत तो सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने पृथ्वीभोवती फिरत होता. त्या वेगामुळे त्याचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या मागे पडले ते सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. पण तेवढ्या अवधीत त्याच्या जन्मगावाचे नाव लेनिनग्राडचे सेंट पीटर्सबर्ग झाले, आणि ज्या देशाने त्याला वर पाठवले तो देशच डिसेंबर १९९१ मध्ये विसर्जित झाला. शंभराव्या भागावरून त्याचा वेग काढता येतो. तो ज्या अंतरावरून परत आला ते मात्र त्या आकड्यात कोठेच नाही. ते त्याला खाली उतरून, भेटेल त्याला विचारूनच समजून घ्यावे लागले असेल.

तेव्हा गणित जसेच्या तसे घरात आणता येत नाही हे खरे. तरीही त्यातली एक गोष्ट मी घरात आणली आणि तिने मला झोपू दिले नाही. ती अशी.

आपला तीन आणि पाच वर्षांचा प्रवासी घ्या. तो आणि घरचे एकमेकांना मोठ्या दुर्बिणीतून सतत पाहत आहेत असे समजा. प्रकाशाला अंतर तोडायला वेळ लागतो, म्हणून जे दिसते ते जुने असते. जाताना प्रवाशाचे दीड वर्ष जाते. तेवढ्या काळात त्याला घरचे फक्त सहा महिने दिसतात. घर जवळजवळ थांबलेले आहे असे त्याला वाटते. आई तशीच, अंगण तसेच. तो वळला, की परतीच्या दीड वर्षात घरची साडेचार वर्षे भराभर त्याच्या अंगावर येतात. सारे पिकलेले केस, सारी आजारपणे, सारे मृत्यू त्याला परतीच्या वाटेवर दिसतात.

आणि घरच्यांना काय दिसते? प्रवासी घरच्या हिशेबाने अडीच वर्षांनी वळला. पण तो वळला ते ठिकाण दोन प्रकाशवर्षे दूर. ती बातमी घेऊन निघालेल्या प्रकाशाला यायला आणखी दोन वर्षे लागतात. म्हणून घरच्यांना पाचांपैकी साडेचार वर्षे तो दूर जातानाच दिसतो. त्याची पाठच दिसते. फक्त शेवटचे सहा महिने तो येताना दिसतो. तो वळून घराकडे यायला निघालेला असतो, निम्मी वाट चालूनही आलेला असतो, आणि दारात उभी असलेली माणसे म्हणत असतात, ‘बघा, चाललाच आहे अजून!’

हे मी पुस्तकातून वहीत उतरवून घेतले, वेळा पुन्हा पुन्हा मोजल्या. अडीच आणि दोन, साडेचार. चूक नव्हती.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री, पणत्या विझत आल्या तेव्हा दादा आणि मी ओटीवर बसलो होतो. मी त्याला तो त्रिकोण दाखवला आणि ही दुर्बिणीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “सहा वर्षांपूर्वी मी तिकीट काढलं होतं. गणपतीला येणार होतो. त्याच महिन्यात नोकरी गेली. तिकीट रद्द करून ते पैसे घरभाड्याला भरले. तुम्हाला काय सांगायचं? ‘जमत नाही’ एवढंच कळवलं.”

ते ‘जमत नाही’ मला चांगले आठवत होते. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी आईसमोर काय बोललो होतो तेही आठवत होते. दादा सहा वर्षांपूर्वीच वळला होता आणि त्या वळण्याची बातमी माझ्यापर्यंत पोचायला सहा वर्षे लागली होती. तोवर मला त्याची पाठच दिसत होती. प्रवाशाने घरच्यांना विचारले पाहिजे हे खरे. पण ‘तू कधी वळलास?’ हे घरच्यांनीही त्याला विचारले पाहिजे. मी ते अकरा वर्षांत विचारले नव्हते.

पाडव्याच्या सकाळी दादा आईपाशी जाऊन बसला. त्रिकोणाचे त्याने तिला काही सांगितले नाही. एवढेच म्हणाला, “आई, तुझी अकरा वर्षं कशी गेली, सांग की.”

“आता काय काय सांगू?” असे म्हणत आईने स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बोट दाखवले. तेथे एका खिळ्याला कॅलेंडर टांगलेले असते. वर्ष संपले की आई जुने काढीत नाही, नवे त्याच्यावरच अडकवते. खिळा वाकला होता. दादाने तो गठ्ठा काढून मांडीवर घेतला. तारखांच्या चौकोनांत आईच्या बारीक अक्षरात दुधाचा हिशेब होता आणि मधूनमधून दोन-दोन, तीन-तीन शब्द. ‘दूध नाही.’ ‘सिलिंडर.’ ‘विहीर आटली.’ ‘ह्यांना ताप.’ मग त्या तापाच्या पुढे एकेका चौकोनात नुसते आकडे. मग काही आठवडे काहीच नाही. मग पुन्हा दूध. दर वर्षीच्या दिवाळीच्या चौकोनात एकच अक्षर होते, ‘दा’, आणि त्यावर एक बारीक रेघ मारलेली.

दादा एकेक पान मोठ्याने वाचू लागला. आई कुठे ‘हो’ म्हणे, कुठे हसे, कुठे दोन वाक्ये सांगे. मी उंबरठ्यावर ऐकत बसलो होतो. यातले सारे मला ठाऊक आहे, मी येथेच होतो, असे मनाशी म्हणत होतो.

चार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत दादा थांबला. “ ‘डोळे. तालुक्याला. एकटी.’ हे काय ग आई?”

“ते होय? मोतीबिंदू दाखवायला गेले होते. एस. टी.नं गेले, एस. टी.नं आले. तेव्हा काही नव्हतं, फक्त तपासलं.”

“एकटी का गेलीस?”

आईने माझ्याकडे पाहिले नाही. “ह्याचं लिहिणं चाललं होतं,” ती म्हणाली. “दार लावून बसला होता. म्हटलं, कशाला उठवा?”

मी ती तारीख पाहिली. त्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली होती आणि दिवसभर घरातच होतो. माझ्या कादंबरीचे शेवटचे प्रकरण मी त्या दिवशी लिहून संपवले. ते महिने इतके सुखाचे गेले होते, की मी सर्वांना सांगत असे, ‘कादंबरी कशी लिहून झाली, कळलेच नाही.’

दादाने पान उलटले आणि पुढचे वाचायला घेतले. मी उठून आत गेलो आणि त्या दोघांजवळ पाटावर बसलो.